साडेसातचं टेबल

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, बोट बुडालेली नाही, आणि तू बॅगेत कोंबलेल्या उलटीच्या गोळ्यांना अजून हातसुद्धा लावलेला नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक वाक्य टाकलं की तू तीन टाकतेस, आणि मग तुला मीटिंग असते. कागदाला मीटिंग नसते. म्हणून खोलीतल्या या वीतभर टेबलावर लिहायला बसलेय. आधी भांडण लिहिते, मग बाकीचं.

भांडण जेवणाच्या वेळेचं. तिकीट काढताना तूच मला समजावून सांगितलंस की बोटीवर रात्रीच्या जेवणाचे दोन प्रकार असतात. एकात वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, रोज तीच माणसं. दुसऱ्यात वाटेल तेव्हा जा, जागा मिळेल तिथे बस. मी काय सांगितलं होतं? वाटेल तेव्हा. दोनदा सांगितलं होतं. अगं, जन्मभर मी भोंग्यावर जेवले. दिवसा कारखान्याचा भोंगा आणि रात्री तुझे बाबा. त्या माणसाचं साडेसात म्हणजे साडेसात. छापखान्यातून आले, बोटांवरची शाई खरवडून धुतली, की टेबलाशी हजर. त्यावरून मी किती कुरकुर केली ते तू लहानपणापासून ऐकलंयस. आता सुटले आहे तर मला माझ्या भुकेने जेवू दे, एवढंच म्हणणं होतं माझं. आणि बोटीवर पाय ठेवते तर हातात कार्ड: टेबल चौदा, साडेसात. साडेसात! निदान वेळ तरी दुसरी निवडायचीस.

तिथेच माझ्या मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तू म्हणशील, आईला सगळीकडे पाणीच मुरताना दिसतं. दिसतंच. शर्टांच्या कारखान्यात चेकर म्हणून आयुष्य काढलं, शर्ट उलटा करून शिवण ताणून बघितल्याशिवाय मी तो पुढे सरकवला नाही, मग माणसं का सरकवीन? गेल्या खेपेला तू माझ्या स्वयंपाकघरातून जावईबापूंशी फोनवर बोलत होतीस. तुला वाटलं मी गॅलरीत वाळलेले कपडे काढतेय. काढतच होते, पण कान काही दोरीवर वाळत घातले नव्हते. तू म्हणालीस, आईला एकदा माणसांत बसून वेळेवर जेवायची सवय लागली की पुढचं सोपं जाईल. पुढचं म्हणजे काय, ठमे? त्याआधी दोनदा तू विषय काढला होतास की एवढं घर एकटीला कशाला. आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलंय. मुलाने हौसेने सहलीला पाठवलं, परत आल्या तर दाराला नवं कुलूप, आणि त्यांची बॅग उतरली ती थेट वृद्धाश्रमात. तिथेही जेवणाची घंटा होते म्हणे, आणि नेमून दिलेली खुर्ची असते.

तर मला खात्रीच पटली की ही बोट म्हणजे रंगीत तालीम आहे. म्हातारी ठरल्या वेळी, ठरल्या माणसांत गुमान बसून जेवते का ते बघायचं, आणि जेवली की पुढचं सोपं. घरी मी ओट्याशी उभ्या उभ्या जेवते ते तुझ्या डोळ्यांत सलतं, मला माहीत आहे. त्यात बिघडलं काय? एक भांडं, एक चमचा, काम फत्ते. आणि बाबांच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असते, त्यावरूनही तू नाक मुरडतेस. मला इस्त्रीला वेळ होत नाही, एवढं साधं आहे ते. निदान मी तुला तसं सांगत आले.

पहिल्या रात्री टेबलावर नजर फिरवली आणि संशय आणखी घट्ट झाला. सगळी माझ्याच वयाची! एक घड्याळजी, गुडघे गेलेले, हातात काठी. एक निवृत्त नर्सबाई. आणि दोन जुळ्या बहिणी. त्यातली दहा मिनिटांनी मोठी असलेली अजून धाकटीकडून स्वतःला ताई म्हणवून घेते. नर्सबाईंनी बसल्या बसल्या मला विचारलं, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर? मी म्हटलं, झालं, वृद्धाश्रमाची मेट्रन सापडली. घड्याळजी तेवढे बरे वाटले, पण ते सारखे माझ्या ताटाकडे बघत. नंतर कळलं की त्यांना माझा बटाटा हवा होता. त्यांना स्वतःचा संपवून दुसऱ्याचा मागायची खोड आहे. तोवर मात्र मी त्यांना हेर समजून ताटाभोवती हाताचं कुंपण घालून जेवत होते. हस तू.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती मी चेकरच्या नजरेने पकडली. टेबल सहा जणांचं, माणसं आम्ही पाच. सहावी खुर्ची माझ्या अगदी समोर यायला हवी. पण आमचा वेटर, ज्याचं नाव मी ताडमाड ठेवलंय, केस पिकलेला, गंभीर माणूस, ती खुर्ची रोज आम्ही यायच्या आत उचलून भिंतीशी नेऊन ठेवायचा आणि माझ्या समोर धाकट्या जुळीला बसवायचा. शेजारच्या टेबलांवर रिकाम्या खुर्च्या तशाच असायच्या हं, आमच्याच टेबलाची तेवढी हलायची. एके संध्याकाळी समुद्र खवळला, धाकटीला मळमळलं, ती खोलीतच राहिली. लगेच ताडमाडने घड्याळजींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते बिचारे काठी सावरत माझ्या समोर येऊन बसले. मध्येच ते हात धुवायला उठले, तर नर्सबाई सरकल्या. म्हणजे पहारेकरी बदलतात तसं! माझ्या समोर कायम कुणीतरी हवंच. मी म्हटलं, ठमे, मानलं तुला. माणूस नेमून आईवर पाळत.

मग मीही तुझीच आई. काल मी साडेसातला गेलेच नाही. वरच्या डेकवर बुफे असतो, तिथे वाटेल तेव्हा जेवा, कुणी कुणाला विचारत नाही. सूप घेतलं, पाव घेतला, आणि खिडकीच्या कठड्यावर बशी ठेवून उभ्या उभ्या खायला लागले. म्हटलं, बघू आता कोण पकडायला येतंय. खोटं कशाला सांगू, चार घास मजेत गेले. पुढचे काही उतरेनात. आजूबाजूला सगळी जोडीजोडीने बसलेली, आणि माझी बशी त्या कठड्यावरून सारखी घसरायची.

आणि खरंच आलं कुणीतरी. घड्याळजी! दोन जिने चढून, लिफ्टपाशी गर्दी म्हणून काठी टेकत, धापा टाकत. बघितल्याबरोबर माझा पारा चढला. मी त्यांना नको नको ते बोलले. तुम्हाला माझ्या मुलीने नेमलंय का, आणखी कुणाकुणाला नेमलंय, मी काय पळून जाणार आहे समुद्रात, सगळं. त्या माणसाने काठी कठड्याला टेकवली. त्याला तुझं नावगाव काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, तुम्ही आला नाहीत, म्हणून बघायला आलो. खाली कुणी सुपाला हात लावलेला नाही, ते गार होतंय, नर्सबाई तुमच्या खोलीचं दार वाजवायला गेल्यात. एवढंच. त्याच्या कपाळावर घाम होता गं. मला इतकी लाज वाटली की बशी तिथेच ठेवून मी त्यांचा हात धरून खाली उतरले. टेबलाशी सगळी, परत आलेल्या नर्सबाईंसकट, खरोखरच ताटकळत बसली होती. धाकटी जुळी फिकट चेहऱ्याने आली होती आणि माझ्या समोरच्या जागेवर बसली होती. मी बसल्यावर सगळ्यांनी चमचे उचलले. घड्याळजींनी माझा बटाटा घेतला.

ओव्हरटाइम असला की मी नऊनंतर घरी यायचे, आठवतं? तू झोपलेली असायचीस. तुझ्या बाबांसमोर दोन झाकलेली ताटं असायची. दोन. मी त्यांच्यावरच चिडायचे, की जेवून घ्यायचं नाही का, साडेसातचा एवढा नियम आहे ना तुमचा? ते म्हणायचे, मी बसलो साडेसातलाच. काल त्या गार सुपासमोर बसल्यावर मला ते आठवलं आणि मी ते गारच सूप तळापर्यंत संपवलं.

पण संशय असा जात नसतो. टेबलावरची माणसं निर्दोष ठरली, मग ती खुर्ची कोण हलवत होतं, आणि का? आज सकाळी मी ताडमाडला गाठलं. बिचारा काटे-चमचे पुसत होता. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, तुमच्या मुलीचा फोन आला होता बोट सुटायच्या आधी. मी म्हटलं, बघा! म्हटलं नव्हतं? काय काय सूचना दिल्या बाईसाहेबांनी, सांगा. तो म्हणाला, एकच. लोक खिडकी मागतात, वाढदिवसाचा केक मागतात, पण असं कधी कुणी मागितलं नव्हतं. तिने सांगितलं, माझ्या आईच्या समोर रिकामी खुर्ची राहू देऊ नका.

ठमे, मी तिथेच, त्या काट्या-चमच्यांच्या ढिगापाशी, ढसाढसा रडले. त्या गंभीर माणसाने मला इस्त्रीचा नॅपकिन दिला, मी त्यात नाक शिंकरलं. तुला कसं कळलं गं? मी तर कधी बोलले नव्हते. घासायला भांडी कमी पडतात म्हटलं, इस्त्रीला वेळ नाही म्हटलं, आणि तू मान डोलावलीस. मला वाटायचं, फसली. एकदा, फक्त एकदा, बाबा गेल्यानंतर मी टेबलाशी ताट घेऊन बसले होते. समोर बघितलं आणि उठले. त्यानंतर खुर्चीवर कपडे आले. कपडे असले की ती रिकामी दिसत नाही. शर्ट उलटा करून शिवण बघणारी मी, आणि माझीच शिवण तू कधी बघितलीस?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. परवा तू धक्क्यावर घ्यायला येशील तेव्हा तुझ्या हातात देईन. गाडी सुरू करायच्या आधी वाच, आणि वाचून झाल्यावर काही बोलू नकोस, कारण बोललीस तर मी पुन्हा रडेन आणि मग भांडेन. घर मी विकणार नाही, वृद्धाश्रमाचं नाव काढलंस तर बघ, आणि तुझं ते 'पुढचं' काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, त्याचा जाब मी घेणारच आहे. पण दर वेळेसारखी मला खाली सोडून गाडी वळवू नकोस. जावईबापूंना कळव की आज उशीर होईल, आणि वर ये. साडेसातला जेवायला बसू. तू बाबांच्या जागी बस, माझ्यासमोर. खुर्चीवरचे कपडे मी उचलते, तू ताटं घे.

तुझीच,
जन्माची संशयखोर
आई