सातवा बल्ब

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

शिरपूरची वर्षाराणी आली, अकराच्या गाडीनं. पाठीवरच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी पेटी. काळी, वजनदार, वर मोठ्या अक्षरात हजार वॅट. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, हे तपास. अन् मले कागदावर लिहून दे."

ही मुलगी घरी बसून बिल्डर लोकांसाठी चित्रं करते. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल ते — भिंती, खिडक्या, अंगणातलं ऊन, सगळं. त्याला भारी मशीन लागतं. जानेवारीत घेतलं. तेव्हापासून मोठं चित्र करायला लावलं, की कधी अर्ध्या तासात, कधी दोन तासांत — धाडकन बंद! अकोल्याच्या एका बिल्डरचं काम चार वेळा अर्धवट राहिलं. पाचव्यांदा त्यानं दुसऱ्याला दिलं.

सप्लाय कुठून घेतली ते विचारलं. तिनं रस्त्यापलीकडे बोट केलं.

जगदेव काकांचं दुकान.

मी सांगितलं, माझ्याकडून नको, वाशिमला ने. लोक म्हणतील समोरचीनं समोरच्याला पाडलं. तर म्हणते, "कोन म्हनते ते पाहू. आधी खरं काय ते तं समजू दे!"

मी नाही म्हणाले. बॅग तशीच ठेवून गेली.

१२ फेब्रुवारी

आज ती आधी पलीकडे जाऊन मग माझ्याकडे आली. चेहरा लाल. काकांशी भांडून आली होती. "काका म्हनते, तुह्या घरची लाईन खराब असन. मी म्हनलं, माल खराब अन् नाव लाईनचं! धम्मदीपाताईले तपासू द्या. तं म्हनते — ती सांगन ते मले मान्य."

असं म्हणाले?

"असंच म्हनले."

त्या दुकानात मी सात वर्षं काम केलं. एकोणीस वर्षांची होते. मुलीला रिपेअरिंगच्या टेबलावर बसवायला आमच्या या वाशिमकडच्या मालेगावात कुणी तयार नव्हतं. काकांनी बसवलं. पहिल्या दिवशी माझा अंगठा भाजला, तर म्हणाले, "भाजला म्हंजे शिकली." पाच वर्षांपूर्वी मी स्वतःचं दुकान टाकलं. समोरच — दुसरा गाळा मिळाला नाही. तेव्हापासून सकाळी शटर उघडताना दोघं मान हलवतो. भांडण नाही. बोलणंही नाही.

तपासते म्हणून सांगितलं. दोघांना मान्य असेल तर मलाही आहे. मी फक्त आकडे लिहीन.

१३ फेब्रुवारी

नुसती सुरू करून मीटर लावला. १२.०९. उत्तम!

याला काही अर्थ नाही. बसलेल्या बैलाची ताकद दिसत नसते, गाडी जुंपावी लागते. सप्लायचं तसंच. बारा व्होल्टची लाईन भार पडला की किती खाली येते, ते खरं. अकरा पॉइंट चार हा नियमाचा तळ. हजार वॅटचा भार असताना त्याच्या खाली गेली, तर हजार वॅट हे नाव खोटं.

हजार वॅटचा भार आणू कुठून? मोठ्या कंपन्यांकडे त्याचं वेगळं यंत्र असतं. माझ्याकडे नाही.

१४ फेब्रुवारी

सुचलं. गाडीचे हेडलाइटचे बल्ब! तेही बारा व्होल्टचे. एक बल्ब शंभर वॅट. दहा लावले की हजार.

सेवालालच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून दहा आणले. दुपारभर एका जुन्या फरशीवर ओळीनं बसवले, प्रत्येकाला वेगळं बटण. सप्लायपासून फरशीपर्यंत वायर ओढली. घरच्या फिटिंगची दीड एमएमची होती शिल्लक, तीच डबल करून टाकली.

सेवालाल स्वतः बघायला आला. "एवढे बल्ब कायले? बाई, ट्रॅक्टर बनवून राह्यली का?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

तपासणी. काकांना निरोप पाठवला होता, येऊन समोर बसा. आले नाहीत. "तूच पाह्य," असं उलट कळवलं.

सकाळी दहा. दुकानाची लाईन २२८ व्होल्ट, स्थिर. मीटर फरशीच्या टोकाला, बल्बांपाशी.

दोन बल्ब — ११.८५
चार — ११.६३
सहा — ११.४४
सात — ११.३२

सातव्या बल्बला तळ फुटला. आठवा, नववा लावून पाहिला — ११.१० पर्यंत खाली. दहावा लावला नाही. खोलीत डोळे उघडवत नव्हते आणि भट्टीसारखं गरम झालं होतं. रस्त्यावरची माणसं दारात जमली. सप्लाय बंद पडली नाही, आवाजही केला नाही.

अर्धा तास थांबून पुन्हा केलं. आकडे तेच.

वर्षाराणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पाह्यलं? मी म्हनलं होतं ना!" तिला आनंद झाला. मला झाला नाही. दुःखही नाही. आकडे आहेत, एवढंच.

१७ फेब्रुवारी

कागद लिहिला. चार ओळी. "सहाशे वॅटपर्यंत ठीक. त्यापुढे व्होल्टेज नियमात राहत नाही. हजार वॅट म्हणून विकू नये." खाली सही, तारीख. दोन प्रती.

एक वर्षाराणीला. दुसरी घेऊन मी रस्ता ओलांडला. चौदा पावलं. काका गल्ल्यापाशी बसले होते. कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला.

"सहाशेच्या वर टिकत नाही," मी म्हणाले.

"बरोबर असन."

एवढंच! मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते. कोणत्या पद्धतीनं केलं, कुठं मोजलं, विचारतील वाटलं. शिकवताना मला दहा प्रश्न विचारायचे. निघताना म्हणाले, "चा घेशीन?" मी म्हटलं, दुकान उघडं टाकून आले.

१९ फेब्रुवारी

वर्षाराणीनं कागदाचा फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. मला विचारलं नाही. दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलमध्ये.

२० फेब्रुवारी

काकांकडे दोन माणसं सामान परत घेऊन आलेली दिसली. माझ्याकडे तीन नवीन गिऱ्हाइकं. एक म्हणाला, "बरं झालं तुमी उघडं पाडलं." त्याला प्रिंटरची शाई दिली आणि वाटेला लावलं.

आई जेवताना म्हणाली, "त्या मानसानं तुले उभं केलं." मी म्हटलं, मी आकडे लिहिले. "आकडे लिहाले बी त्यानंच शिकवलं," म्हणाली आणि उठून गेली.

२२ फेब्रुवारी

पलीकडचं शटर आज उघडलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा दिवस. शटर बंद. सेवालाल म्हणतो, "तब्येत बरी नसन." त्याला काही माहीत नाही. मला तर त्याहून नाही.

दुपारी वर्षाराणीचा फोन. आवाज बसलेला. पुण्याहून दुसऱ्या कंपनीची सप्लाय मागवली होती. नामी कंपनी. काल लावली. आज सकाळी साडेदहाला मशीन बंद. पुन्हा अकराला. पुन्हा पावणेबाराला.

"ताई, आता काय?"

मी म्हटलं, येते.

२६ फेब्रुवारी

शिरपूर. महाशिवरात्र, गाडीला गर्दी.

तिच्या खोलीत भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून बसले. २१५. २१४. २१५. तिनं चित्र करायला लावलं. मशीन गुणगुणत होतं, काही अडचण नाही. तिची आई चहा घेऊन आली. तेवढ्यात भिंतीपलीकडे घर्रर्र आवाज सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर मीटर १४० वर आला.

मशीन बंद.

"हा कसला आवाज?"

"शेजारची चक्की. दाळ भरडून राह्यले."

"कधीपासून चालते?"

"वर्षभर चालते. पन तूर निघाली की दिवसभर. जानेवारीपासून."

जानेवारीपासून! तिचं घर आणि चक्की एकाच खांबावरून, एकाच फेजवर. मोटर सुरू होताना सगळी वीज ओढून घेते. तिला कळणार कसं? थंडीचे दिवस, पंखा बंद. एलईडीचा दिवा १४० ला मंद होत नाही. आणि छोटा यूपीएस एवढा भार घेत नाही म्हणून मशीन थेट भिंतीत.

वर्षाराणी खुर्चीवर बसली. मग — "मी त्याईले चोर म्हनलं, ताई. चार लोकाईसमोर."

परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच. लाईन खराब होती, ठीक. पण माझे आकडे? ते तर माझ्या दुकानात घेतले, २२८ वर. सप्लाय खराबच होती. लाईनही खराब, सप्लायही खराब — दोन्ही असू शकतं.

असू शकतं असं तीन वेळा स्वतःला सांगितलं.

२७ फेब्रुवारी

सप्लाय अजून माझ्याकडेच आहे. सकाळी पुन्हा लावली. सात बल्ब. फरशीपाशी ११.३२. तेच.

मग सहज वायर बाजूला सारायला गेले आणि हात मागे घेतला. वायर तापली होती. चांगलीच!

मीटरच्या सुया उचलल्या आणि सप्लायच्या तोंडाशी, प्लगमध्येच खुपसल्या.

१२.००.

आठ बल्ब. ११.९९. नऊ. ११.९८. दहा — आज दहावा लावला — ११.९६. अर्धा तास चालू ठेवली. जागची हलली नाही.

सप्लाय उत्तम आहे. व्होल्टेज माझी बारीक वायर खात होती. मीटर चुकीच्या टोकाला लावला मी. भार दिला की वायरीतही घट होते, हे कोणताही शिकाऊ सांगेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगितलंय. काकांनी मला सांगितलंय.

बटणं एकेक करून बंद केली. मग खोली इतकी काळोखी वाटली की दार उघडावं लागलं. दुपारचे बारा होते.

२८ फेब्रुवारी

दुसरा कागद लिहिला. पहिला लिहायला दहा मिनिटं लागली होती. याला सकाळ गेली. कितीदा "काही तांत्रिक कारणामुळे" असं लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं: "१७ तारखेचा माझा कागद चुकीचा आहे. चूक मोजण्यात झाली, ती माझी. सप्लाय हजार वॅटला पूर्ण उतरते. जगदेव काकांचा माल चांगला आहे. — धम्मदीपा."

ग्रुपवर टाकला. एक प्रत माझ्याच शटरला चिकटवली, आल्यागेल्याला दिसेल अशी.

सेवालालनं उभं राहून पूर्ण वाचलं. "बाई, आता तुह्याकडं कोन येईन तपासाले?"

म्हटलं, बघू.

१ मार्च

ग्रुपवर पहिल्या फोटोखाली साठ-सत्तर उत्तरं होती. दुसऱ्याखाली चार. त्यातला एक अंगठा वर्षाराणीचा.

दोघं जण माझ्याकडचं सामान न सांगता दुसरीकडे घेऊन गेले. एकानं येऊन कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉप ठेवून गेला. का, ते सांगितलं नाही.

वर्षाराणी येऊन गेली. वीजवाल्यांकडे दुसऱ्या फेजचा अर्ज केलाय, तोवर चक्कीवाल्याशी वेळ ठरवली — तो दुपारी तीनपर्यंत भरडतो, ही तीननंतर काम करते. काकांच्या घरी जाऊन आली होती. त्यांच्या पाया पडली म्हणे. "रागावले नाई. मलेच म्हने, तुहं काम सुरू झालं ना? मंग झालं."

मी विचारलं, दुकान कधी उघडणार?

"नाई उघडत म्हने आता."

३ मार्च

शटर बंद. कागद साऱ्या गावानं वाचला, माल चांगला निघाला, तरी बंद! मग काय पाहिजे त्यांना? मी स्वतः गेले नाही, हे पाहिजे असेल. तीन दिवस लोकांना सांगत फिरले. ज्यांना सांगायचं त्यांनाच नाही.

उद्या जाते.

४ मार्च, मंगळवार

गेले. काका अंगणात खाटेवर बसले होते. दुसरा कागद हातात दिला. म्हटलं, काका, चुकी माझी.

धरून बसले. मग परत केला. "वाचून दाखव. दोन वर्षं झाली, मले अक्षर दिसत नाही. मीटर बी नाही. कोनाले सांगतलं नाही."

"पहिला कागद?"

"तो कुठं वाचला मी? तू लिहला म्हंजे खराच असन. म्हनलं, न दिसता माल इकून राह्यलो, लोकाईचं नुकसान करून राह्यलो. म्हनून बंद केलं. हा माल चांगला निघाला, पन पुढचा मी पाहू कसा?"

वाचून दाखवला. दोनदा.

मग म्हटलं, यापुढं माल मी पाहून देईन, आणि दुकानाची किल्ली मागितली. त्यांनी दिली.