लाख वाती आणि अण्णांची गोळी

सोमवार, ५ जानेवारी
सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची तब्येत सांभाळ म्हणून देवापुढे लाख वातींचा संकल्प केला. रोज हजार. लेक केतकी म्हणाली, अण्णांच्या गोळ्यांना सात खणांची डबी मागवू. नको म्हटलं. सकाळी रिकाम्या पोटी गॅसची, नाश्त्यानंतर बीपीची. दोन गोळ्यांना डबी कशाला? प्लास्टिक ते प्लास्टिक आणि तीनशे रुपये.

गुरुवार, ८ जानेवारी
वाती ३,१४०. जरा मागे आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाती वळते. केतकी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. म्हणते, डोक्यात एका वेळी चारपाच गोष्टीच राहतात, मग डिसिजन चुकतात. हॉटेलातून जेवण मागवणाऱ्यांचं होत असेल तसं.
भाजीत मीठ दोनदा पडलं. हल्ली मीठच खारट येतं.

शनिवार, १० जानेवारी
संक्रांतीचं वाण आणायला नोएडाहून करोल बागेत. मेट्रोतही वाती वळल्या. दोन स्टेशनं पुढे गेले, पण आकडा चुकला नाही. पाण्याची वेळ, तीळ, ह्यांचा डबा, हळदीकुंकवाच्या चोवीस बायका, सगळं डोक्यात. यादी करत नाही. यादीनं माणूस आळशी होतो.

सोमवार, १२ जानेवारी, सकाळी १०.१५
मोजणी ७३२ वर असताना लक्षात आलं, अण्णांची बीपीची गोळी राहिली. लगेच दिली. अण्णा म्हणाले, "कुमुद, मघाशी दिलीस ना?" मी म्हटलं, ती गॅसची. बिचाऱ्यांना वयानं आठवत नाही.

दुपारी ४
बाल्कनीत उन्हातून उठताना अण्णांना चक्कर आली. धवल शेजारीच राहतो, त्यानं गाडी काढली. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं, बीपी की गोली कितनी दी? पर्समधली स्ट्रिप काढून बघितली. आजच फोडलेली, आणि दोन गोळ्या गेलेल्या.
मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "मैंने ही भूल से दो खा ली."
डॉक्टर अण्णांना रागावले. लहान मुलाला रागावतात तसे. मी पाण्याची बाटली धरून उभी. तीन तास झोपवून ठेवलं, बीपी वर आलं, मग सोडलं.

मंगळवार, १३ जानेवारी
अण्णांना खरं सांगायचं ठरवलं. आधी हजार वाती होऊ देत, मन शांत होईल. मग तीळ भाजले. मग ह्यांचा फोन. मग अण्णा झोपले होते.

बुधवार, १४ जानेवारी
सणाच्या दिवशी नको. बायका म्हणाल्या, तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं. मी आणखी एक लाडू दिला प्रत्येकीला.

गुरुवार, १५ जानेवारी
सांगितलं. अण्णा म्हणाले, माहीत आहे. मी म्हटलं, यापुढे वाती बाजूला ठेवून गोळी देईन. त्यांनी पेपरची घडी घातली.
"राग नाही गं. पण आता तुझ्या हातची गोळी घ्यायची भीती वाटते."
शुक्रवारपासून केतकी देणार असं ठरलं. केतकी, जी नऊला उठत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी
नाश्ता झाल्यावर मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. अण्णांनी केतकीला हाक मारली. ती उठेपर्यंत थांबले.