एकसष्ट उल्का

प्रिय आरती,

फोन केला असता तर तू ‘हाव बाई, बरं बाई’ म्हणत राहिली असतीस आणि मी नेहमीसारखी पाऊण तास बोलले असते. म्हणून लिहिते आहे. मागच्या महिन्यात तुमच्या शाळेतले लिंबाजी सर उमरीहून घरी आले होते. तुमच्या शाळेतल्या मुलांनी डिसेंबरच्या उल्का दाखवा म्हणून तुझ्यामागे टुमणं लावलं आणि विज्ञान शिकवणारी तू त्यांना म्हणालीस, “मला आकाश मोजता येत न्हाई, दुसऱ्या सरांना विचारा.” हे त्यांच्याकडून ऐकल्यापासून मला चैन नाही. ते वाक्य तुझ्या तोंडी कुणी घातलं, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

मी आहे तशीच आहे. शाळेतून निवृत्त झाले, भाषणांतून नाही. गेल्या आठवड्यात देवणीला बोलले. तारा निखळला की माणूस जातो, असं एका आजोबांनी भर सभेत ठणकावलं. मी म्हटलं, आजोबा, डिसेंबरात एका रात्रीत शेकड्यांनी निखळतात, मग देवणी एव्हाना ओस पडायला पाहिजे होती. ते म्हणाले, “बाई, तुम्ही लई बोलता, पण मोजता कवा?” सगळे हसले, मीही हसले. माझं मत मात्र पक्कं आहे. माणसाला एकदा मोजायला शिकवलं की त्याला घाबरवणं अवघड होतं.

उल्का मोजायला तुला पहिल्यांदा माळावर पोत्यावर झोपवलं तेव्हा मी या मिथुन उल्कावर्षावाचा इतिहास सांगितला होता. पहिल्या पक्क्या नोंदी १८६२ च्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोजक्या निरीक्षकांना डिसेंबरात तुरळक उल्का दिसल्या. त्या शतकात तासाला पंधरा-वीस म्हणजे खूप. पुढे आकडा चढत गेला, आता अंधाऱ्या निरभ्र रात्री तो शंभराच्या पुढे जातो. त्या ज्याच्या धुळीतून येतात तो खडकाळ लघुग्रह सापडला १९८३ मध्ये. म्हणजे एकशे वीस वर्षं लोक कारण माहीत नसताना मोजत राहिले. वर्षाव वाढतो आहे हे कळलं, कारण अनपेक्षितपणे मोठा आकडा आला तरी कुणीतरी तो वहीत तसाच राहू दिला. हे मी कितीतरी मंचांवरून सांगितलं. वहीपाशी बसले तेव्हा मात्र उलट वागले.

२०१२ ची ती अमावास्येची रात्र. तू दहावीत होतीस. सोबत आलेला तुझा भाऊ बबलू घोंगडीत शिरताच झोपला, म्हणून मोजणाऱ्या आपण दोघीच. टॉर्च लावला की डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून आपली ती रीत होती: उजव्या खिशात मोजून घेतलेले शंभर फुटाणे, उल्का दिसली की एक डाव्या खिशात, तासाच्या शेवटी डावा खिसा मोजायचा. अकरा ते बारा या तासात तुझे निघाले एकसष्ट, माझे अडतीस. एकच आकाश, एकच दिशा. मी क्षणभरही विचार केला नाही. तुझ्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि विज्ञानात हौस चालत नाही, यावर तिथल्या तिथे भाषण केलं. तू एवढंच म्हणालीस, “बाई, मी खरंच बघितल्या.” पुढच्या डिसेंबरात तू आली नाहीस. अहमदपूर सोडून जातानाही भेटली नाहीस.

त्यानंतर आपल्या शाळेतले पंचाक्षरी सर येऊ लागले, इतर बाई आल्या. दरवर्षी माझा आकडा सगळ्यांत कमी. मी त्याला काटेकोरपणा म्हणत आले. गेल्या डिसेंबरात शेजारी झोपलेल्या पंचाक्षरी सरांनी विचारलं, “बाई, तुम्ही उल्का मोजून राहिलात का फराळ करून राहिलात? कधीचा कुडुम कुडुम आवाज येऊन राहिलाय.” माझा हात डाव्या खिशात होता आणि तोंडात फुटाणे होते. मी विचारलं, हे आधी का नाही बोललात. म्हणाले, “मला वाटलं खायचे वेगळे आणले असतील.” आरती, मी वेगळे कधीच आणले नव्हते. बोलायला कुणी नसलं की माझं तोंड काहीतरी चघळत असतं, हे तर वर्गातल्या शेवटच्या बाकालाही माहीत होतं. इतकी वर्षं मी पाहिलेल्या उल्का खात होते आणि उरलेल्यांना सत्य म्हणत होते.

म्हणून हे पत्र. तुझी मोजणी बरोबर होती. वहीत लाल रेघेच्या वर मी पुन्हा एकसष्ट लिहिलं आहे, पुढे सही केली आहे, आणि माझे सगळ्या वर्षांचे आकडे भरवशाचे नाहीत अशी नोंदही केली आहे. ही नोंद शाळेत सगळ्यांसमोर वाचूनही दाखवली. पण त्यानं तुझी चौदा वर्षं परत येत नाहीत, हे मला कळतं. यंदा तेरा डिसेंबरला रविवार आहे, चंद्र दहाच्या सुमारास मावळतो. तू मुलांना घेऊन गावाबाहेर जा. तू हो म्हणालीस तर मी एसटीनं उमरीला येईन, मुलांच्या रांगेत शेवटी आडवी होईन आणि तू सांगशील त्या रीतीनं मोजेन. वही तुझ्या हातात राहील. माझा आकडा पटला नाही तर खोडण्याआधी मला एकदा विचार, बाई, कशा मोजल्या. तेवढं मी तुला विचारलं नव्हतं.

तुझीच,
तारामतीबाई