कॅल्शियम कुठून येतं

१२ जानेवारी

आलो एकदाचे! नाशिक सुटलं आणि उस्मानपुऱ्यात अख्खा दुमजली बंगला मिळाला. वर झोपायची खोली, खाली मोठा हॉल, मागं बोरिंग. हिमांशूची कंपनी वाळूजला. मला नुकताच चौथा लागलाय, म्हणून रसायनशास्त्राच्या बाईंना वर्षभर सक्तीची सुट्टी. मी खरंच खूश आहे.

हॉलमध्ये मालकांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चांगली दिवाणाएवढी. आत जिवंत प्रवाळ, जांभळे, हिरवे, संथ हलणारे. मालक परदेशात. टाकी जिवंत ठेवायची, या एकाच अटीवर त्यांनी घर दिलं आणि हिमांशूनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! हा सकाळी जाणार, रात्री उगवणार, मग टाकी कोण बघणार? असो. पहिल्याच दिवशी भांडण नको.

१८ जानेवारी

मालकांनी पाणी तपासायला काय ठेवलंय ते बघून डोक्यात तिडीक गेली. कागदी पट्ट्या! बुडवायची आणि डब्यावरच्या रंगाशी जुळवायची. त्या रंगावर दोन माणसांचं एकमत झालं तर शपथ. शिवाय त्यात कॅल्शियम कळतच नाही. प्रवाळाचा सांगाडाच कॅल्शियमचा. पाण्यातलं ओढून घेत तो वाढतो आणि आपण ते बाटलीतून पुन्हा घालत राहायचं. मग किती उरलंय ते नको कळायला?

मत्स्यालयाच्या दुकानात गेले. बुद्धभूषण नावाचा दुकानदार, तोंडाचा पट्टा सुरू तो सुरूच. त्याला डिजिटल यंत्र खपवायचं होतं. मी म्हटलं, अमोनिया आणि नायट्रेटला साधं किट पुरे, पण कॅल्शियमला थेंबांचंच हवं. नळीत पाणी घ्यायचं, सिरिंजनं एकेक थेंब सोडायचा, गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. आम्ही मुलांना प्रयोगशाळेत हेच तर शिकवतो. त्यानं हात जोडले.

घरी येऊन तपासलं. ४२०. समुद्रात असतं तेवढंच. शाब्बास.

२९ जानेवारी

कॅल्शियमची बाटली संपून बरेच दिवस झाले. नवी आणलेली नाही, पाणीही बदललेलं नाही. प्रवाळ मात्र बोटभर वाढलेत. म्हणजे आकडा उतरायला हवा. आज आला ४४०!

किट बोगस निघालं म्हणून तणतणत दुकानात गेले. बुद्धभूषण म्हणाला, "मॅडम, हितलं बोरचं पाणी लई जड. क्षार ऱ्हाणारच." या गावात नळाला पांढरं आलं तरी क्षार, गुडघे धरले तरी क्षार! टाकीत आम्ही फिल्टरचं पाणी घालतो, बोरचं नाही, हे त्याला तीनदा सांगितलं. शेवटी ते डिजिटल यंत्रही घेऊन आले. बाटलीतून उजेड सोडून आकडा दाखवतं. ४४५. म्हणजे थेंब खोटं बोलत नव्हते. मग हे येतंय कुठून?

बाकी मजेत. टाकीची काच रोज मीच घासते, कोपरापर्यंत हात बुडवून. आणि डोहाळे लागलेत पाटीवरच्या पेन्सिलींचे! कामाला येणाऱ्या द्वारकाबाई मुकुंदवाडीहून डबाभर घेऊन आल्या. "पोटुशीला व्हतंच आसं, ताई. म्या तर चुलीची माती खाल्ली व्हती." दुपारपर्यंत अर्धा डबा फस्त.

९ फेब्रुवारी

पेन्सिल चावताना दाढेचा तुकडा पडला. सगळे हसले. डोहाळे म्हणे! नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटताहेत, तेही डोहाळे का? डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम फार कमी. गोळ्या वाढवल्या.

टाकीत ४६०.

द्वारकाबाई आज सहज बोलून गेल्या, आधीच्या भाडेकरूची बायको टाकी बघायची. घर सोडलं तेव्हा तिचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. मी हिमांशूला सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. या माणसाला योगायोग हा शब्द कुणी शिकवला, त्याला आधी शोधून काढते.

१८ फेब्रुवारी

नणंदेकडे, हिमानीकडे, बजाजनगरला राहून आले. हिमांशूला बजावलं होतं, रोज तपास आणि कळव. मी नसताना आकडा रोज उतरत गेला. ४४०, ४२०, ३९०. तिकडे मला पेन्सिलीची आठवणही झाली नाही.

काल परतले. मुद्दाम एकदाच हात घालून काच घासली. आज सकाळी ४३०. थेंबांनीही, यंत्रानंही.

ते माझं आहे. माझ्या हाडांतलं आहे. ती टाकी मला खातेय आणि माझा नवरा तिला रोज दिवा लावतो!

मी म्हटलं, फोड ती. तो म्हणाला, मालकांना काय सांगू? मी म्हटलं, सांग, बायकोनं फोडली. इतकी ओरडले की शेजारचे गच्चीवर आले. येऊ देत.

२४ फेब्रुवारी

तेव्हापासून पाण्याला बोट लावलेलं नाही. हॉलमध्ये पायही ठेवत नाही. काच हिमांशू घासतो.

आज पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. डॉक्टर बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. म्हणाल्या, बाळाच्या बरगड्या नीट दिसत नाहीत, पुन्हा बघू. माझं रक्तातलं कॅल्शियम मात्र सुधारलंय.

टाकीत ४८०.

माझ्यातून जात नाही. मग कुणाच्या—

२७ फेब्रुवारी

बजाजनगरला जायला बॅग उचलली आणि पाय मोडला. पडले नाही. नुसता वजनानं मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणतात, हलायचं नाही. म्हणजे इथंच. वर. तिच्या डोक्यावर.

हिमांशू रडतो. रडून काय होणार? आधी ऐकायचं होतं. फोड म्हटलं तेव्हा फोडायचं होतं. फोड ती. फोड. दर तासाला हेच सांगतेय.

३ मार्च

ऐकलं शेवटी. द्वारकाबाईंच्या घरून घण आणलाय. नळाला पाणी आलंय, मोटर लावतो आणि लगेच फोडतो म्हणाला. बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं.

जाताना फोन माझ्या हातात देऊन गेला. टाकीचा फोटो बघ म्हणाला, मागच्या कोपऱ्यात नवीन फांदी आलीय, कसली ते कळत नाही.

पांढरी आहे. रंगच नाही. मधे गाठीगाठींचा बारीक दोरा. त्याच्या दोन्ही बाजूंना काड्या, वळलेल्या. जोडीजोडीनं. सारख्या. वीतभरही नाही—

मी मोजल्या. बारा. दोन्हीकडे बारा—

हाका मारतेय. मोटरचा आवाज. त्याला ऐकू जात नाही. फोन करू कुणाला, त्याचा फोन माझ्याच हातात. माझा खालीच, बंद पडलेला—

मीच सांगितलं. मीच. दर तासाला—

आत्ता पोटात हललं. जिवंत आहे. पण मऊ. नुसतं मऊ—

पहिला घाव. काच टिकली.

घसा गेला. आवाजच—

हिमांशू नको फोडू ते तिथं बाळाचं—