पाखरांचा वाटा

पिंपळमाळ, ता. पारनेर
२५ मार्च १९७३

ती. वन्सं छबूबाई यांस,

आक्काबाईचा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे या दुष्काळात माणूस जितकं खुशाल असतं तितके. दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. नगरला तुमच्या नळाला पाणी येतं का? भाऊजींचा खोकला कसा आहे?

अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. हे पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही. दर वेळी तुमच्या भावाची गाऱ्हाणी कळवते, आज त्यांचं कौतुक लिहायला बसले आहे. जपून ठेवा, असा योग पुन्हा यायचा नाही.

माळाच्या कडेची करवंदीची मोठी जाळी तुम्हाला आठवत असेल. वैशाखात गावातल्या बाया माळभर करवंदं तोडतात, पण त्या एका जाळीला हे कुणाला हात लावू देत नाहीत. "पाखरांचा वाटा हाय त्यो, ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणतात. मी यांना पाखरांचे मामा म्हणून चिडवायची. खरं सांगते, रागच यायचा. बायको रिकाम्या टोपलीनं परतली तरी चालेल, बुलबुलांची पोटं भरली पाहिजेत!

यंदा सगळा माळ बोडका झाला. शेळ्यांनी बाभळीच्या सालीसुद्धा सोडल्या नाहीत. हिरवी राहिली ती ही जाळी, काट्यांमुळे. पांढऱ्या फुलांनी भरली आहे. साळुंख्या, होले सगळे तिथंच येतात, आत तितरानं अंडी घातली आहेत, आणि एक ससाही राहतो.

होळीला तालमीतली पोरं कोयते घेऊन तिथं आली. होळीसाठी मागितलेल्या लाकडाला कुणी नाही म्हणत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे सरपंचाचा कानिफनाथ. म्हणाला, "तात्या, वाळकं लाकूड कुठंच उरलं न्हाई. ही जाळी घेतो."

शेजाऱ्यानं बांध कोरला तेव्हाही ज्यांचा आवाज चढला नाही, ते तुमचे भाऊ जाळीपुढे उभे राहिले. "घरचा नांगर घ्या. ही न्हाई."

पोरं हसली. "का वो? पाखरं श्याप देत्याल व्हय?"

"तितं माजी लेक हाय रं," हे म्हणाले. "लई न्हानी हुती. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून काट्यात ठिवली."

मी मागेच उभी होते, वन्सं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. पोर कुठं पुरलं ते आईला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. यांनी ती पाळली आणि एकट्यानं ती जाळीही सांभाळली. मला रडू फुटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. पाचवीसुद्धा न पुजलेल्या मुलीला हा माणूस सगळ्यांसमोर माझी लेक म्हणाला!

कानिफनाथनं कोयता खाली ठेवला. आमचा नांगर होळीत गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. आता टँकर आला की तोच पोरगा खापरात पाणी घेऊन जातो आणि पाखरांसाठी जाळीखाली ठेवतो.

आता जे लिहायला इतका वेळ लावला, ते लिहिते. तुम्ही तिच्या बारशासाठी कुंची शिवून आला होतात आणि तशाच परत गेलात. पुढे किती वेळा माहेरी आलात, पण तिचा विषय तुम्ही काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं तुम्ही विसरलात. तुम्हालाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल.

काल आम्ही दोघं जाळीपाशी बसलो होतो. हे म्हणाले, "हिला हाक मारावी वाटती गं, पन काय म्हनून मारू?"

नाव ठेवायचा मान आत्याचा, तो मी कसा घेऊ? वैशाखात या. येताना दुसरं काही आणू नका, नाव तेवढं ठरवून या.

तुमची वाट पाहणारी,
तुमच्या भाचीची आई