उपकरण क्रमांक सत्तेचाळीस: कोहळा

हैदराबाद, रविवार

तीर्थस्वरूप इंदुताईस, एकनाथचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? भाऊजी गोड चोरून खातात का अजून? (डबा वरच्या फळीवर ठेव, ते स्टूल वापरत नाहीत.) माझ्या लेकीच्या, त्रिवेणीच्या लग्नाचं काय ठरलं, असं विचारलंस. तेच लिहायला बसलोय, पण आधी माझा संताप ऐकून घे.

आमच्या पंपांच्या कारखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं, असं शेठजींच्या मनाने घेतलं. त्यावाचून मोठी गिऱ्हाइकं म्हणे दारात उभं करत नाहीत. या कामाचा प्रमुख कोण? मी! (अक्षर चांगलं, आणि नाही म्हणायची सवय नाही.) नियम असा की कामाच्या जागी जे असेल त्याला नंबर, तपासणीची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव हवं. पान्यांपासून चहाच्या किटलीपर्यंत मी चिठ्ठ्या डकवत सुटलो. अडला तो कोहळा. दृष्ट लागू नये म्हणून पंप तपासायच्या टेबलावर टांगलेला असतो आणि शेठजी अमावास्येला तो स्वतः बदलतात. काढू का विचारलं, तर म्हणाले, "एकनाथ साब, सर्टिफिकेट होना, मगर कद्दू कू हात नक्को लगाओ." मग काय करणार? त्यालाही नंबर दिला. पुढील तपासणी: अमावास्या.

तपासायला आला प्रज्ञेश नावाचा पोरगा. राहतो इथेच नल्लकुंट्याला, मूळ घर आपल्याच नांदेडकडचं. मी खूश! बेगम बाजारातून मुद्दाम आणलेले काजू पुढे केले. एकालाही शिवला नाही. कोहळ्याखाली उभा राहून विचारतो, "काका, हे उपकरण काय मोजतं?" मी म्हणालो, नजर. (दुसरं काय सांगणार होतो?) त्याने चिठ्ठी वाचली. अमावास्या कधीच उलटून गेली होती आणि शेठजी तिरुपतीला! उपकरण ठणठणीत आहे हे दाखवायला मी त्याला जरा बोट लावलं, तर ते कुजकं धूड फस्सकन खाली आलं. थोडं नव्या पंपावर, थोडं त्याच्या बुटांवर, बाकी सगळं माझ्या अंगावर.

बाळा, एवढं सोडून दे, असं मी हात जोडून म्हणालो. तर म्हणतो, "सोडायचं तर मी आलो कशाला, काका?" आणि लिहिलं: मुदत संपलेले उपकरण वापरात, जबाबदार एकनाथ. काय ही माणुसकी! प्रमाणपत्र लांबलं आणि शेठजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. अशा पोराला घरात कोण सहन करत असेल, देव जाणे.

तुझा,
एकनाथ

ता. क. त्रिवेणीने स्थळ स्वतःच पाहिलंय. मुलगा हाच. मला परवा सांगितलं. घर बौद्ध आहे, त्यामुळे आपले थोरले दादा आकाशपाताळ एक करतील. ते ऐकतात फक्त तुझं. ताई, त्यांना समजाव आणि लग्नाला हाताला धरून घेऊन ये.

आणखी ता. क. एकनाथने या पोरात काय पाहिलं, असं दादा विचारतील. सांग, माझ्या टेबलावर त्रिवेणीचा फोटो असतो. तो त्याने सकाळी आल्या आल्याच पाहिला नि ओळखला होता. माझ्या नावाचा शेरा संध्याकाळी लिहिला.