खुंटीला कावीळ

मस्तगड, जालना

चि. भागवत,

आईचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला गेला का? तुझ्या बायकोचं, शालूचं विचारत न्हाई. गरोदर बाई हळदीसारखे डोळे घेऊन पडलीय, अन् तू फोनवर म्हणतोस, "आक्का, गळ्यातली काविळीची माळ रोज लांबतेय, म्हंजे कावीळ उतरून राह्यली!"

अरे येड्या, ज्या बाबानं ती माळ दिली, त्याचीच दुसरी माळ आणून मी खुंटीला टांगली. तीबी वीतभर लांबली. खुंटीला झालती का कावीळ? माळेतल्या ओल्या काड्या सुकल्या की गाठी सैल पडतात, बस्स. दुखणं लिव्हरात आहे, तिथं माळ पोचत न्हाई. गरोदरपणात हे जिवावर बेततं.

पत्र पोचेस्तोवर उशीर होईल, म्हणून पोस्टात टाकत न्हाई. जीप करून मीच ते घेऊन निघाले. शालूला दवाखान्यात नेऊ देशील ना? उत्तर जल्दी दे, दारातच दे.

तुझ्यावर चिडलेली,
सत्यशीलाआक्का